चाळीस वारांची पांढरी

मराठी मुलखातील खेड्याची भूमी पूर्वापार दोन रंगांनी ओळखली जाते. नांगराखालची ती काळी आणि वस्तीखालची ती पांढरी. मातीची घरे बांधली गेली, पडली, त्याच जागी पुन्हा बांधली गेली आणि अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलेल्या मातीला पांढरी हे नाव मिळाले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गाव-गाडा' या ग्रंथात काळी-पांढरीभोवती फिरणाऱ्या ग्रामव्यवस्थेचे जे दर्शन घडविले आहे, ते महसुली कागदपत्रांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास पदोपदी आठवते. पांढरीत ज्याचे घरठाण, तो गावचा. देशावरच्या जुन्या दप्तरांत शेतकऱ्यांचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग आढळतात. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा असे. अडचणीमुळे तो परागंदा झाला, तरी परत येऊन आपली जमीन मागू शके. उपरी हा बाहेरून आलेला, बोलीवर जमीन कसणारा. गावाच्या मानपानात व निर्णयात त्याचे स्थान दुय्यम असे आणि बोली संपली की त्याचा पायही गावातून निघे.

पांडेसऱ्यातील आम्हा मराठी मंडळींचा इतिहास हा अशा उपऱ्यांनी आपल्यासाठी नवी पांढरी घडविल्याचा इतिहास आहे, असे आमचे मत आहे. ही पांढरी विस्ताराने फार लहान. बारा फूट रुंद, तीस फूट लांब. म्हणजे ३६० चौरस फूट, अर्थात चाळीस वार. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा धरला, तर ही जागा गुंठ्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकी भरते. त्यातही ती निर्दोष नव्हती. कागद अपुरे, उजेड अपुरा, पाणी अपुरे आणि पावसाळ्यात दाराशी खाडी. या उणिवा दूर होण्याची वाट पाहत आमच्या वडीलधाऱ्यांनी संसार थांबविला नाही. उणिवांसह जागा कशी वापरावी, याची एक रीत त्यांनी घडविली. ती रीत कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. ती पाहिलेली पिढी आता थकत चालली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरत आणि मराठे असा विषय निघाला की बोलणे १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांकडे जाते. फार तर पिलाजीराव गायकवाड आणि त्यांचे सोनगड यांपर्यंत येते. तो इतिहास अभिमानाचा आहे आणि तो लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु स्वारीवर आलेला माणूस परत जातो. राहावयास आलेल्या माणसाचा इतिहास शोधायचा, तर तो घराच्या जोत्यापाशीच शोधावा लागतो.

तापीकाठची ये-जा

खान्देश आणि सुरत यांचे नाते गिरण्यांपेक्षा जुने आहे. तापीच्या खोऱ्यातून माणसे दोन्ही दिशांनी गेली आहेत. शहादा-तळोदा भागातील गुजर, तसेच यावल-रावेर पट्ट्यातील लेवा पाटीदार यांच्या पूर्वपरंपरा गुजरातकडून आल्याच्या सांगितल्या जातात. भाषेची साक्षही अशीच आहे. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या भागात खान्देशीचा विचार भिल्ली बोलींबरोबर केला आणि तिचे गुजरातीशी असलेले जवळचे नाते नोंदविले. अहिराणीच्या घराण्यासंबंधी विद्वानांत पुढे वाद झाले ते असोत. पण अहिराणी बोलणाऱ्या म्हातारीला सुरतेच्या बाजारात फारसे अडले नाही, हे आमच्या घराघरांतून पाहिलेले सत्य आहे.

सुरतेहून अमळनेरकडे जाणारा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० साली पूर्ण झाला आणि जुन्या पायवाटेला रूळ मिळाले. उधना ते जळगाव हे अंतर सुमारे ३०६ किलोमीटर. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा पश्चिम खान्देशातील दीडशेहून अधिक गावे गुजरातकडे आली. नवापूरच्या रेल्वेस्थानकाचा अर्धा भाग एका राज्यात व अर्धा दुसऱ्या राज्यात राहिला. सीमा आखली गेली, परंतु गाडी त्याच फलाटावर थांबत राहिली. ज्यांची सोयरीक नंदुरबारला, शेत साक्रीला आणि रोजगार उधन्याला होता, त्यांना राज्य बदलल्याची जाणीव प्रामुख्याने शाळेच्या पुस्तकांत आणि रेशनकार्डाच्या लिपीत झाली.

१९६२ च्या कायद्याने गुजरात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे पांडेसऱ्याच्या शेतजमिनीवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या मिला, त्यांच्या चिमण्या, आसपास लूमची खाती असे रूप या गावाला आले. इकडे १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू खान्देशचे कंबरडे मोडले. ज्या घरात चार भाऊ होते, त्यांतील दोघांनी उधन्याची गाडी धरली. सुरतेची लोकसंख्या १९६१ मध्ये २ लाख ८८ हजार होती. १९८१ मध्ये ती ७ लाख ७६ हजार झाली, १९९१ मध्ये सुमारे १५ लाख, आणि २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांवर गेली. पन्नास वर्षांत पंधरा पटींहून अधिक वाढलेल्या शहरात माणसाला काम मिळणे सोपे आणि पाठ टेकण्यास जागा मिळणे कठीण, अशी स्थिती होती. लूमची पाळी बारा तासांची. भाड्याच्या एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे कामगार आळीपाळीने एकाच अंथरुणावर झोपत. उपरी या शब्दाचा अर्थ त्या अंथरुणाइतका स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसणार नाही.

मागे राहिलेले घर

ज्या घरातून ही मंडळी निघाली, ते घर समजून घेतल्याशिवाय येथे बांधलेले घर कळणार नाही. खान्देशातील जुने घर धाब्याचे. लाकडी खांब, त्यांवर सरे, किलच्या, वर मातीचा जाड थर. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घराचा मोठेपणा खणांत सांगितला जाई. पुढे ओटा, आत धान्याच्या कणग्या, जाते, उखळ; मागे गुरांचा वाडा. त्या घराचे महत्त्वाचे अंग म्हणजे धाबे. उन्हाळ्यात त्यावर झोपायचे, मिरच्या वाळवायच्या, ज्वारीची बिबडी घालायची आणि पावसाळ्यापूर्वी माती घालून, चोपून ते पुन्हा नीट करायचे. दरवर्षी थोडे दुरुस्त करावे लागणारे ते घर होते. घर एकदा बांधून संपते, ही कल्पनाच त्या माणसांना नव्हती. पुढे सुरतेत या सवयीचा फार उपयोग झाला.

येथे आल्यावर एक गंमत घडली. गुजराती शेजारी गच्चीला धाबूच म्हणत होता, दाराबाहेरच्या बैठकीला ओटलो म्हणत होता आणि मागच्या मोकळ्या जागेला वाडो म्हणत होता. शब्द ओळखीचे निघाले. जागा मात्र ओळखीची नव्हती. गावच्या धाब्यावर चार खाटा पडत, येथे एक खाट टाकली की जिना बंद होई.

गुंठ्याचा तिसरा हिस्सा

चाळीस वारांचा तुकडा हाच का विकला जात होता, याचे कारण केवळ गरिबीत शोधू नये. ते कायद्यांतही आहे. १८७९ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ६५ प्रमाणे शेतजमिनीचा अन्य उपयोग करण्यास परवानगी लागे. १९४७ च्या तुकडेबंदीने शेताचे बारीक तुकडे करण्यास आडकाठी केली. १९४८ च्या कुळकायद्याने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकण्यावर निर्बंध घातला. त्यावर १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा आला. गुजरातेत तो १९९९ पर्यंत राहिला. यांतील प्रत्येक कायद्याचा हेतू चांगला होता. सर्वांचा एकत्र परिणाम मात्र असा झाला की, कामगाराला परवडेल अशी लहान, रीतसर, बिनशेती झालेली जागा बाजारात दुर्मीळ झाली. गुजरात हाउसिंग बोर्डाची वसाहत पांडेसऱ्यातही झाली आणि ज्यांना तेथे घर मिळाले, त्यांना ते भाग्याचे वाटले. परंतु मागणीच्या मानाने ती घरे थोडी. बाकीच्यांनी शेतमालकाने वा दलालाने चुन्याची फक्की टाकून आखलेले तुकडे घेतले.

हातात काय आले? मुद्रांक कागदावरचे साटाखत, एखादी कब्जापावती, काही वेळा कुलमुखत्यारपत्र. सातबाराला मूळ मालकाचेच नाव. पुढे पालिकेचे वेराबिल आले, लाइटबिल आले, आणि या बिलांची जपून ठेवलेली चळत हाच मालकीचा पुरावा, अशी समजूत रूढ झाली. आम्ही सरकारी नोकरीत असताना आपल्याच लोकांना अनेकदा समजावून सांगितले आहे की, कराची पावती म्हणजे मालकीहक्क नव्हे. त्यावर एका वृद्ध गृहस्थांनी दिलेले उत्तर आमच्या लक्षात राहिले आहे. ते म्हणाले, "साहेब, तुमचा कागद मालक कोण ते सांगतो. माझं बिल मी इथं किती वर्षं राहिलो ते सांगतं." कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अपुरे होते, इतिहासाच्या दृष्टीने ते बिनचूक होते. शासनालाही हे वास्तव पुढे मान्य करावे लागले. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी गुजरातेत २००१, २०११ आणि २०२२ असे तीनदा कायदे झाले. 'इम्पॅक्ट फी' या नावाने ते आपणा सर्वांना ठाऊक आहेत.

सळया सोडलेले घर

अशा जागेवर घर एकदम उभे राहिले नाही. प्रथम चार फूट भिंत आणि वर पत्रे. मग मोरी. नंतर पुढच्या खोलीला लादी. पुढे भिशी लागली, बायकोची पोत मोडली किंवा गावचे बैल विकले की स्लॅब. स्लॅब पडली तरी खांबांच्या सळया वर तशाच सोडलेल्या. बाहेरगावचा पाहुणा त्या गंजलेल्या सळया पाहून घर अर्धवट राहिले असे समजे. वस्तुतः त्या सळयांत त्या कुटुंबाचा पुढील पंधरा वर्षांचा संकल्प असे. धाकटा भाऊ गावाहून येणार, मुलाचे लग्न होणार, तेव्हा वर एक खोली लागणार, हे धरूनच पाया खणलेला असे. कर्ज काढून एकदम पुरे घर बांधण्याची ऐपत नव्हती, आणि कागद नसल्यामुळे बँक दारात उभी करीत नव्हती. तेव्हा घर बचतीच्या वेगाने वाढले. प्रत्येक मजल्याला एक वर्ष आणि एक प्रसंग चिकटलेला असल्यामुळे या घरांचा इतिहास खालून वर वाचता येतो.

उणिवांवरचे उपायही असेच हळूहळू सापडत गेले. बारा फूट रुंदीला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याची भिंत; म्हणजे उजेड-वारा केवळ पुढून आणि मागून. म्हणून मधल्या भागात स्लॅबला चौकोनी झरोका ठेवून त्यावर जाळी बसविण्याची पद्धत पडली. गावच्या घराचा चौक आक्रसून तीन फुटांचा झाला, पण स्वयंपाकघरात दुपारचे ऊन उतरले. दोन घरांमधील भिंत सामाईक ठेवल्याने दोघांच्या विटा वाचल्या. मात्र त्यासाठी शेजाऱ्याशी आयुष्यभर बोलणे सुरू ठेवावे लागले. भिंत ज्याची अर्धी, त्याचे सुतक-सोयर आपलेही अर्धे, अशी ती व्यवस्था होती. जिना घरात घेतला तर एक खोली जाई, म्हणून तो पुढून लोखंडी केला आणि त्याखाली पाण्याची टाकी ठेवली. बोअरचे खारट पाणी धुण्याभांड्याला आणि दूरच्या नळाचे हंडे पिण्यास, अशी विभागणी घरातील लहान मुलीलाही पाठ असे.

जोत्याचा प्रश्न सर्वांत बिकट. भेदवाड खाडीच्या बाजूस पावसाळ्यात पाणी चढते हे ठाऊक असल्याने जोते रस्त्यापासून दोन-तीन फूट उंच घेतले जाई. परंतु दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, रस्ता चढतो आणि घर तेथेच राहते. ज्या ओट्यावर चढण्यास पूर्वी तीन पायऱ्या होत्या, तेथे आज एक उरली आहे, आणि काही गल्ल्यांत तर उतरून घरात जावे लागते. जुन्या घरात शिरताना मोजलेल्या पायऱ्या म्हणजे या वस्तीच्या वयाची खूणच.

धाब्यावरचा संसार

या घरांचे अर्धे जीवन घराबाहेर चालत असे, आणि त्यामुळेच ते घर पुरले. सकाळी ओटा हे पुरुषांचे दाढी करण्याचे आणि वर्तमानपत्र वाचण्याचे ठिकाण. दुपारी तेथेच बायका साड्यांना टिकल्या लावीत, लेस शिवीत, धागे कापीत. मिलमध्ये नवरा कापड रंगवी आणि त्याच कापडाचा शेवटचा हात घराच्या ओट्यावर फिरे. मुलांच्या शाळेची फी आणि स्लॅबचे सिमेंट या दोहोंत त्या टिकल्यांचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

वैशाखात धाब्यावर बिबडी, कुरडया, वडे पडत. जागा एका घराला अपुरी, पण सलग असलेली पाच धाबी मिळून पुरेशी. म्हणून वार ठरवून घेतले जात. त्याच धाब्यावर कोपऱ्यात तुळस, कढीपत्ता, एखादा शेवगा, वेलावर दोडका. लहान जागेचे शास्त्र महाराष्ट्रात ज्यांनी गंभीरपणे मांडले, ते श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा 'प्रयोग परिवार' यांची येथे आठवण होते. पाच माणसांच्या कुटुंबास दहा गुंठ्यांत सन्मानाने जगता येईल, हा त्यांचा आग्रह होता. किती जमीन आहे यापेक्षा पानावर पडणारे ऊन किती वापरले जाते आणि काडीकचरा मातीत किती परत जातो, हे ते मोजावयास सांगत. आपल्याकडे दहा गुंठेही नव्हते आणि मातीही नव्हती. परंतु ऊन होते. जुन्या माठांत, फुटक्या टाक्यांत, भाजीच्या देठांचे खत करून आपल्या बायकांनी जे वाढविले, त्याचे तत्त्व तेच होते. मिलमधून येणारी रसायनांची पिंपे मात्र भाजीसाठी वापरायची नाहीत, ही सावधगिरी शहाण्या घरांनी पाळली. धाब्यावरचा हा मळा कुटुंब पोसू शकत नव्हता. आमटीला कढीपत्ता आणि आठवड्याला एक भाजी एवढेच त्याचे उत्पन्न. पण गावची काळी सुटलेल्या माणसाच्या हाताला रोज थोडी माती लागत होती, हेही थोडे नव्हे.

आणि श्रावणात कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना, रात्रभर जागरण, सोमवारी मिरवणूक व विसर्जन. रोट भाऊबंदकीचे, गावोगावचे भाऊबंद ज्या घरी जमणार, ते घर बारा फुटांचे. तेव्हा घरातील पलंग, कपाट, पिठाचे डबे शेजाऱ्याकडे जात, आणि पुढची खोली देवीची, मधली स्वयंपाकाची, गल्ली पंगतीची होई. आखाजीला लेकीबाळी आल्या तरी असेच. गल्लीतील एकालाही घर मोठे नव्हते, म्हणूनच प्रत्येकाला दुसऱ्याचे घर लागत होते. 'गाव-गाडा'तील पांढरीत जसे हक्कांबरोबर देणेही होते, तसे या चाळीस वारांनाही देणे चिकटलेले होते. गावाहून आलेल्या मुलाला काम लागेपर्यंत दोन महिने माळ्यावर झोपू देणे, त्याला महापालिकेच्या मराठी शाळेचा वा मिलचा रस्ता दाखविणे, आजाऱ्यासाठी खाट रिकामी करणे, ही ती देणी. आमच्या मते उपरी मिरासदार झाला तो साटाखतावर सही केली त्या दिवशी नव्हे. त्याच्या माळ्यावर पहिला नवा माणूस झोपला त्या रात्री.

या सर्वांची किंमत

हे सारे सांगताना त्या दिवसांना सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. बारा फुटांत दहा माणसे राहिली, याची किंमत कोणी तरी मोजली आहे, आणि बहुतेक वेळा ती घरातील स्त्रियांनी मोजली आहे. रातपाळीचा माणूस दिवसा झोपला की घरात भांडे वाजवायचे नाही. सुनेने दुपार मोरीत आणि जिन्यावर काढायची. नवविवाहित जोडप्याला पडद्याआडचा कोपरा. मुलींचा अभ्यास ओट्यावरच्या दिव्याखाली होई, आणि तो दिवा मालवण्याची वेळ भाऊ ठरवी. ज्या घरांनी खाली लूम टाकले, त्या घरांतील माणसे मोठ्याने बोलण्याच्या सवयीने आजही ओळखू येतात. झरोका न ठेवलेल्या खोल्यांतून खोकला हटला नाही. सामाईक भिंतीवरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊही आम्हाला ठाऊक आहेत. थोडक्यात भागविणे हा गुण खरा. परंतु कोणाच्या वाट्याचे थोडके अधिक थोडके झाले, हे विचारल्याशिवाय त्या गुणाचे कौतुक पुरे होत नाही.

तीन कसोट्या

या पांढरीची कसोटी तीनदा लागली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची घबराट पसरली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. उधन्याहून सुटणाऱ्या गाड्या टपापर्यंत भरल्या. आपल्यांतीलही पुष्कळ गावी गेले. ज्यांची खोली भाड्याची, त्यांतील काही परतलेच नाहीत. ज्यांनी भिंती उचलल्या होत्या, ते घराला कुलूप लावून गेले आणि पंधरवड्यात परतून कुलूप उघडते झाले. १९९५ नंतर आयुक्त सूर्यदेवरा रामचंद्र राव यांच्या कारकिर्दीत शहराच्या स्वच्छतेची घडी बसली, हे सर्वांस माहीत आहे. ती बसण्यापूर्वीच परत आलेल्या माणसांची गणना मात्र कोणी केली नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. त्या वेळी ज्यांच्या धाब्यावर एक खोली चढलेली होती, त्यांच्याकडे तळमजल्याचे नातलग आले. सोडलेल्या सळयांचे सार्थक झाले. आणि २०२० च्या टाळेबंदीत पांडेसऱ्यासह सुरतेच्या अनेक भागांत परप्रांतीय कामगार गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले. तेव्हा आपली बहुतेक घरे जागच्या जागी होती. काम आपलेही बंद होते. पण दार आपले होते. पन्नास वर्षांपूर्वी जे रस्त्यावर उभे राहिले असते, ते त्या दिवशी ओट्यावरून पाहत होते.

आजचे उपरी

येथे आम्हाला आपल्या वाचकांसमोर एक प्रश्न ठेवावासा वाटतो. त्या दिवशी रस्त्यावर असलेल्यांपैकी कित्येक आपलेच भाडेकरू होते. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेली ही मुले आज आपल्या तळमजल्यावर राहतात. एका खोलीत आठ जण, दिवसपाळी आणि रातपाळी आळीपाळीने, अगदी आपल्या वडिलांप्रमाणेच. ज्या मजल्यावर झरोका ठेवायचा राहिला होता, तोच बहुधा भाड्याने दिलेला आहे. आपण आता मिरासदार झालो आहोत. मिरासदाराचे हक्क आपल्याला कळू लागले, तसे त्याचे देणेही कळले पाहिजे. भाडे घेणे गैर नाही. पण खोलीत हवा खेळते की नाही, पाण्याचे हंडे पुरतात की नाही, हे पाहणे हा या वस्तीचा जुना रिवाज आहे. तो मोडला, तर बिलांच्या चळतीशिवाय आपल्या हाती फारसे काही राहणार नाही.

दुसरी गोष्ट कागदांची. नवी पिढी दिंडोली, गोडादरा, पाल येथील फ्लॅटमध्ये जात आहे, आणि त्यात वावगे काही नाही. सळया ज्या मुलासाठी सोडल्या, तो दुसरीकडे चांगल्या उजेडात राहतो याचा आनंदच आहे. जुनी वसाहत पाडून नवी बांधण्याच्या योजनाही निघतात. गुजरातेत २०१८ च्या दुरुस्तीने पंचवीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या पुनर्विकासास ७५ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरली आहे. अशा वेळी ज्याचे कागद सरळ, त्याचा वाटा सुरक्षित. म्हणून साटाखत, वारसांची नावे, वेराबिल यांची जुळणी आजच करावी. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलीचाही समान हक्क आहे हे ध्यानात ठेवूनच ती करावी. ज्या मुली ओट्यावरच्या दिव्याखाली शिकल्या, त्यांच्या सहीचा कोरा कागद घेऊन ठेवण्याची पद्धत आता बंद व्हावी.

आणि घर विकण्यापूर्वी, पाडण्यापूर्वी वा भाड्याने देण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक पान लिहून ठेवावे, अशी आमची सूचना आहे. तुकडा कोणत्या साली घेतला, पैसे कोणी उसने दिले, पत्रे केव्हा उतरले, स्लॅबला काय मोडले, माळ्यावर कोण कोण राहून गेले, ओट्याला तेव्हा पायऱ्या किती होत्या आणि आज किती आहेत, एवढेच लिहावे. वडील नसतील तर आईला विचारावे; बहुतेक तारखा तिलाच ठाऊक असतात, कारण कोणत्या मुलाच्या जन्माच्या वेळी कोणती भिंत उभी राहिली, हे तिच्या लक्षात असते. आपल्या मंडळाने ही पाने एकत्र बांधून ठेवली, तर पांडेसऱ्याच्या मराठी वस्तीचे एक दप्तर तयार होईल. सातबाऱ्यावर आपले नाव उशिरा चढले असेल, काहींचे अजून चढायचे असेल. पण ही पांढरी कोणी व कशी भरली, याची नोंद करण्यास कोणत्याही कचेरीची परवानगी लागत नाही.